नळी बदलण्याआधी नळी धुवा: खानापूर-बेळगावच्या पावसात परवान्याच्या बंदुकीची घरची देखभाल

२०२४ च्या लोकसभेला आमच्याकडं ७ मे रोजी मतदान झालं आणि ४ जूनला निकाल लागला. आचारसंहिता मात्र मार्चातच लागलेली. त्यामुळं आमच्या वडिलांच्या वारशानं माझ्या नावावर आलेली ३१५ बोअरची रायफल मार्चअखेर ठाण्यात जमा झाली, ती हातात पडली तेव्हा मृगाचा पाऊस सुरू होता. घरी आणून बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागनं बंद करणारा सरकता दांडा, काढला आणि नळीत डोकावलो. आतून विटेच्या रंगाची. बाहेर, दस्त्याच्या कडेनं, बोटाएवढा गंजाचा पट्टा.

भाचा शेजारीच होता. म्हणाला, "मामा, नळीच बदलून टाकूया की. परदेशात लोक घरच्या टेबलावर बदलतात, मोबाइलवर बघितलंय मी. दोन पाने लागतात, बस्स."

आमच्या गल्लीतले सुभेदार काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेत, हत्यारं सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना बोलावलं. त्यांनी नळी उजेडाकडं धरली, मिनिटभर बघितलं आणि म्हणाले, "आधी धू. मग बोल."

तीन दिवस धुतली. गंज गेला, आतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा, जसेच्या तसे निघाले. आजही तीच नळी आहे. आमच्या भागात जांबोटी, कणकुंबी, लोंढा, नंदगडकडं ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांच्यासाठी हे सगळं लिहून काढतोय. नळी बदलायची वेळ फार थोड्यांवर येते. धुवायची वेळ मात्र सगळ्यांवर येते, आणि तिथंच बहुतेकांचं चुकतं.

भाच्यानं बघितलं ते खोटं नव्हतं

अमेरिकेत काही बोल्ट रायफली मुळातच तशा बनवलेल्या असतात. तयार मापाची नळी विकत मिळते, एका मोठ्या नटानं ती जागेवर बसते, माप तपासायचे गेज घरी येतात. तिथला कायदा वेगळा, रायफलही वेगळी.

आपल्याकडं दोन्ही गोष्टी आड येतात. आधी कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये बंदुकीचे सुटे भागही बंदुकीतच मोजले जातात. म्हणजे माळ्यावर पडलेली जुनी सुटी नळी कायद्याच्या नजरेत लोखंडाचा तुकडा नव्हे, बंदूकच. कलम ५ प्रमाणं बंदूक बनवणं, विकणं, तिच्यात बदल करणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं, या सगळ्याला वेगळा परवाना लागतो. तुमच्याजवळ असतो तो बंदूक बाळगायचा परवाना, हा वेगळा. नळी कापून आखूड करायला कलम ६ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. गावातल्या लेथवाल्याला "एवढं जरा आटे पाडून दे" म्हणणारा माणूस स्वतःसोबत त्यालाही गोत्यात घालतो.

दुसरी गोष्ट लोखंडाची. आपल्याकडची ३१५ इशापूरच्या कारखान्यातली, तिची ठेवण जुन्या ली-एनफिल्डची. नळी स्क्रूसारख्या आट्यांनी खोक्यात, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागात, पुढून कसून बसवलेली असते. ती काढायला नळीसाठी वेगळा शिकंजा आणि खोक्याच्या मापाचा खास पाना लागतो. साध्या वाइसमध्ये धरून पाइप पान्यानं पिळली तर नळी निघण्याआधी खोकं पिळवटतं. नवी नळी बसवताना ती अशा जागी कसून थांबली पाहिजे की माशी, म्हणजे तोंडाजवळची नेमाची खूण, बरोबर डोक्यावर उभी राहील. दोन अंश कमी-जास्त झालं तर नेम गेला.

आणि सगळ्यात नाजूक ती बोल्टच्या तोंडापासून नळीच्या बुडापर्यंतची फट. ३१५ च्या काडतुसाला बुडाशी कड असते, ती कड या फटीत बसते. फट जास्त झाली तर बार उडताना काडतुसाचं पितळ मागं ताणतं आणि बुडाजवळ फाटतं. तापलेला वायू मागं येतो, जिथं तुमचा डोळा असतो. ही फट डोळ्यानं दिसत नाही, गेजनंच मोजावी लागते. म्हणूनच दुसऱ्याच्या रायफलचा बोल्ट आपल्या रायफलीत घालून बघायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा.

बारा बोअरवाल्यांचं, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीवाल्यांचं, वेगळंच. त्यांची नळी अर्ध्या मिनिटात हातात येते, त्यामुळं "चुलत्याच्या बंदुकीची नळी माझ्या दस्त्यावर बसते का बघू" असा मोह होतो. बसते पण कधी कधी! पण ती त्या बंदुकीच्या सांध्याला कानशीनं घासून जुळवलेली असते. बसली म्हणजे जुळली असं नव्हे. शिवाय नळीवरचा नंबर आणि परवान्यातला नंबर वेगळा दिसला की नाक्यावर उत्तर देता येत नाही.

सुरुवात: रिकामी आहे हे बोटानं बघा

डोळ्यानं नव्हे, बोटानं. मॅगझिन काढा. बोल्ट मागं ओढा. करंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, घालून बघा. मग काडतुसं उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मगच चटई अंथरा. सुभेदार काका ४० वर्षांनंतरही, स्वतः ठेवलेली बंदूक स्वतः उचलताना, हे करतात. हसू येतं बघताना. पण दर खेपेला करतात.

घरात आजोबांची ठासणीची बंदूक असेल तर ती भरलेली आहे का हे वरून कळत नाही. गज नळीत बुडापर्यंत सोडा, तोंडाशी बोटानं खूण धरा, बाहेर काढून नळीच्या बाजूनं धरा. गज बुडापर्यंत पोचत नसेल, चार बोटं आधीच थांबत असेल, तर आत काहीतरी ठासलेलं आहे. मग धुणं-बिणं राहू दे. तोंड माणसांपासून लांब ठेवून, विस्तवापासून दूर, परवान्याच्या दुकानाशी बोला. खोदून काढायला जाऊ नका.

३१५ चा बोल्ट काढायचा असा: दांडी वर, बोल्ट पूर्ण मागं, बोल्टचं डोकं वरच्या बाजूला फिरवून अडकणीतून सोडवा आणि मागं ओढून घ्या. परत घालताना डोकं बोल्टवर पूर्ण आवळलेलं आहे का बघा. यापुढं बोल्टची पोटातली स्प्रिंग वगैरे उघडू नका. ते आपलं काम नाही.

काय लागतं

दोरी, म्हणजे फौजेत जिला पुलथ्रू म्हणतात ती. एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला चिंदी अडकवायचा फासा. एनसीसी केलेल्या प्रत्येकानं ही हाताळलेली असते. फलॅनेलची चिंदी: साफ करायला ४ इंच बाय २ इंच, तेल लावायला ४ इंच बाय दीड इंच. हे माप पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि त्याला कारण आहे. दोन इंची चिंदी नळीत घट्ट बसून मळ खरवडते, दीड इंचीची जरा सैल जाते, म्हणून तेल पुसून न टाकता मागं ठेवते. जुनी धुतलेली फलॅनेलची लुंगी चालते. टेरिकॉट चालत नाही, तेल पितच नाही.

पितळी तारेचा ब्रश, नळीच्या मापाचा. स्टीलचा नको. शिलाई मशीनचं पातळ तेल किंवा बंदुकीचं तेल. दात घासायचा जुना ब्रश. बस्स.

आता काय नको ते, कारण आमच्याकडं यातलंच जास्त वापरलं जातं. खोबरेल आणि शेंगतेल: चार महिन्यांत त्याचा डिंक होतो, बोल्ट चिकटतो आणि उंदरं दस्ता कुरतडतात. नुसतं रॉकेल: मळ सुटतो खरा, पण रॉकेल उडून गेलं की लोखंड उघडं पडतं, वापरलंच तर नंतर तेल हवंच. विटेची भुकटी, राख, काचपेपर: जुनी माणसं चमक यावी म्हणून घासत, आणि वरची काळी झिलई घालवून गंजाला दार उघडून देत. आमच्या पाहुण्यांतल्या एकानं तर देवाची भांडी चकचकीत होतात म्हणून नळीला चिंच चोळली. नळी तासाभर चांदीसारखी दिसली, संध्याकाळी केशरी.

धुण्याचा क्रम

दोरी मागून, बोल्टच्या बाजूनं घालायची. वजन चेंबरमधून सोडा, ते तोंडातून बाहेर पडतं. मग दोरी सरळ, नळीच्या रेषेतच ओढा. तिरकी ओढली की दोरी तोंडाच्या कडेला घासते, आणि वर्षानुवर्षांच्या घासण्यानं तिथं खाच पडते. तोंडाची कड ही गोळी नळीला शेवटची जिथं शिवते ती जागा. तिथं एका बाजूला झीज झाली की गोळी वाकडी निघते. कित्येक जुन्या नळ्या बारानं खराब झालेल्या नसतात, धुण्यानं झालेल्या असतात.

पहिली चिंदी तेलात भिजवून एकदा ओढा आणि नळी रात्रभर तशीच ठेवा, तोंड खाली करून, खाली वर्तमानपत्र. तोंड वर करून ठेवली तर तेल बोल्टच्या खोक्यात आणि तिथून दस्त्याच्या लाकडात उतरतं; लाकूड तेलानं मऊ पडतं आणि स्क्रूची पकड जाते.

सकाळी तेल लावलेला पितळी ब्रश आठ-दहा वेळा. ब्रश मध्येच उलटा फिरवायचा नाही, आरपार जाऊ द्यायचा. मग कोरड्या चिंद्या. माझी पहिली चिंदी निघाली ती काव लावल्यासारखी, पुढच्या दोन तपकिरी, मग राखी. संध्याकाळी पुन्हा तेल, पुन्हा रात्र. तिसऱ्या दिवशी चिंदी जवळपास पांढरी आली. घाई असली की माणूस एका दिवसात जोर लावून दोरी तोडतो आणि चिंदी आत अडकवून बसतो. अडकलीच तर मागून लाकडी गजानं हळू ढकलून बघा. नाही निघाली तर दुकान. "एक बार काढला की उडून जाईल" हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा. अडकलेल्या चिंदीमागं बार काढला तर नळी फुगते, कधी फाटते.

चिंदीवर हिरवट-निळी छटा येत असेल तर ते गोळीच्या तांब्याचं आहे. त्यासाठी अमोनियाचं द्रावण मिळतं. सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त आत ठेवू नका आणि नंतर तेल.

जुन्या साठ्यातली काडतुसं वापरली असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, जुन्या पद्धतीच्या टोपीतल्या मसाल्यातून मिठासारखा क्षार नळीत मागं राहतो. तो हवेतलं पाणी ओढतो, आणि तेलात विरघळत नाही. पाण्यात विरघळतो. म्हणून बाराच्या दिवशीच मागून नरसाळ्यानं उकळतं पाणी ओतायचं, लिटरभर तरी. नळी तापते, त्या उष्णतेनंच आतून सुकते, मग चिंदी, मग तेल. ठासणीच्या बंदुकीच्या काळ्या दारूलाही पाणीच लागतं, गरम आणि जरा साबणाचं. "बंदुकीला पाणी लावायचं नाही" हे अर्धंच खरं आहे. लावायचं नाही असं नव्हे, लावून ठेवायचं नाही.

बारा बोअरला छर्ऱ्यांचं शिसं आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांसारखे डाग चेंबरच्या पुढं बसतात. नळी सुटी करून गजावर ब्रश लावून घासा. नळीचं हुक आणि सांधा दात घासायच्या ब्रशनं साफ करून तिथं तेलाचा एक थेंब, जास्त नको.

अंगठ्याच्या नखानं नळी वाचणं

हे सुभेदार काकांनी शिकवलं. खिडकीजवळ बसा. अंगठ्याचं नख चेंबरच्या तोंडाशी तिरकं धरा, म्हणजे नखावरून उजेड आत जाईल, आणि पुढच्या तोंडातून बघा. नळी रिकामी आणि बोल्ट हातात असतानाच, हे सांगायला नकोच. आटे उजेडात फिरत्या जिन्यासारखे दिसतात.

जिन्याच्या कडा धारदार दिसल्या तर नळी चांगली. कोपऱ्यात काळे बारीक ठिपके दिसले तर गंजानं खड्डे पडलेत. खड्डे भरून येत नाहीत, पण थोडे खड्डे असलेली नळीही वर्षानुवर्षं नीट चालते, फक्त जास्त वेळा धुवावी लागते. चेंबरच्या पुढच्या बोटभर जागेत आटे पुसट, राखाडी, भेगाळलेल्या चिखलासारखे दिसले तर ती झीज आहे. आणि मध्येच कुठं बांगडीसारखी काळी सावली गोल फिरली, तर तिथं नळी फुगलेली आहे. बाहेरून त्याच जागी बोटं फिरवा, कधी कधी हाताला लागते. अशी बंदूक पुन्हा झाडायची नाही.

नळी कशानं फुगते? आमच्याकडं एक कारण ठरलेलं: कुंभारीण माशी. उन्हाळ्यात दारामागं टेकवून ठेवलेल्या बंदुकीच्या तोंडात ती मातीचं घर करते. चार दिवस पुरतात. मी स्वतः एका काजूच्या बागेतल्या खोपीत बारा बोअरच्या डाव्या नळीत मातीचा गोळा बघितलाय, आत हिरव्या अळ्या. दुसरं कारण त्याहून वाईट. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरमध्ये घातलं तर घसरून पुढं जाऊन अडकतं. चाप ओढला, काही झालं नाही, म्हणून माणूस मागं बारा बोअरचं घालतो. पुढचं सांगत नाही. घरात दोन्ही बोअर असतील तर काडतुसं एका डब्यात कधीच ठेवू नका.

"नेम लागत नाही" म्हणजे नळी गेली असं नाही

नळीच्या नावानं बोटं मोडण्याआधी हे एकेक तपासा. दस्त्याचे स्क्रू ढिले झालेत का? आमच्या पावसात लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात आखडतं. मार्चात कसलेला स्क्रू ऑगस्टात घट्ट आणि पुढच्या मार्चात सैल. बरोबर बसणाऱ्या रुंदीच्या स्क्रूड्रायव्हरनं आवळा, मनगटाच्या जोरानं, खांद्याच्या नव्हे. फुगलेलं लाकूड नळीला एका बाजूनं दाबतंय का? वहीचा कागद नळी आणि लाकडाच्या मधून सरकवून बघा. कारखान्यानं ज्या जागी लाकूड टेकवलंय तिथं अडणारच, पण एकाच कुशीला अडत असेल आणि दुसरीकडं मोकळा जात असेल तर कारण सापडलं. लाकूड कोरायला बसू नका, आधी ते कोरड्या जागी महिनाभर राहू दे. माशी सरकलीय का? काडतुसं किती जुनी?

झाडलेली रिकामी काडतुसं टाकून देऊ नका, ती बोलतात. बुडाच्या जरा वर पितळावर चमकदार कडं किंवा केसासारखी भेग दिसली, किंवा टोपी बाहेर आलेली दिसली, तर मघाशी सांगितलेली फट वाढलेली असू शकते. त्याच दिवशी बंदूक बाजूला ठेवा.

बारा बोअरची चाचणी सोपी: पुढची लाकडी पकड काढा, दस्ता काखेत धरून नळ्या डावी-उजवीकडं हलवा. खुळखुळली किंवा नळीचं बूड आणि मागच्या पाटामधून उजेड दिसला, तर सांधा सैल झालाय.

खरंच नळीचं काम असेल तर

फुगवटा, भेग, वाढलेली फट, सैल सांधा, पुसलेले आटे: हे सगळं दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्र दुकानाचं काम. जाण्याआधी त्यांचा परवाना विक्रीचा आहे की दुरुस्तीचाही, हे विचारून घ्या. दोन्ही एकच नव्हेत. मूळ परवाना बरोबर न्या, झेरॉक्स नव्हे. बंदूक रिकामी, बोल्ट काढून, कव्हरमध्ये. काडतुसं घरीच.

वय झालेल्यांना एक सोय माहीत नसते. परवानाधारकाला स्वतः जाणं जमत नसेल तर त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी बंदूक नेऊ शकतो, हे कलम ३ मध्येच आहे. साध्या कागदावर नाव, परवाना क्रमांक, बंदुकीचा नंबर, कुठं आणि कशासाठी, तारीख, सही. तोंडी "दादानं पाठवलंय" चालत नाही.

दुकानात बंदूक देताना पावतीवर नळीवरचा आणि खोक्यावरचा, दोन्ही नंबर लिहून घ्या. नळी बदलायचीच ठरली तर काम सुरू होण्याआधी परवाना देणाऱ्या कचेरीला लेखी कळवा, आणि झाल्यावर नव्या नंबराची नोंद परवान्यात चढवून घ्या. आमच्या खेड्यांसाठी ती कचेरी म्हणजे डीसी ऑफिस. अर्ज कानडीत असतात. लिहायला जड जात असेल तर टाइपवाल्याकडून लिहून घ्या, पण सही करण्याआधी नंबर स्वतः वाचून बघा. आकडे तरी सगळ्यांना वाचता येतात. माझ्या वडिलांच्या परवान्यात एक आकडा उलटा पडला होता, तो सुलटा करायला दोन वर्षं गेली. जुन्या मोडक्या नळीचं काय झालं याचाही कागद घ्या. ती घरी आणून ठेवायची वस्तू नव्हे.

आपल्या सीमाभागाची एक खास अडचण. घर बाचीत आणि शेत शिनोळीत, म्हणजे घर कर्नाटकात आणि शेत चंदगड तालुक्यात, अशी कुटुंबं आहेत. बांध ओलांडला की राज्य बदलतं. परवान्यात तो कुठल्या हद्दीत चालतो ते लिहिलेलं असतं, तो रकाना काढून बघा. चोर्ल्याच्या घाटानं गोव्याकडं जाणाऱ्यांनीही. आणि पीक राखायचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, डुकरासाठीही वनखात्याची परवानगी लागते. भीमगड अभयारण्य झाल्यापासून, म्हणजे २०११ नंतर, आमच्या बाजूला हे फार कडक झालंय.

पावसाळ्यात ठेवायची कशी

आमगाव-कणकुंबीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको: भिंतीला हात लावला तर ओला होतो. भिंतीला टेकवू नका. रेक्झिनच्या कव्हरमध्ये ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं, कव्हर न्यायला-आणायला. कुलपाच्या लोखंडी कपाटात, बोल्ट वेगळा, काडतुसं वेगळ्या कुलपात. कपाटात सिलिका जेलची पुडी टाका. निळे दाणे गुलाबी झाले की ओल प्यालेत. मंद आचेच्या जुन्या तव्यावर निळे होईपर्यंत परतायचे आणि परत ठेवायचे. तो तवा मग स्वयंपाकाला नको.

जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पुसायची. हाताचा घाम सगळ्यात वाईट, म्हणून शेवटचा हात तेलाच्या फडक्याचा. दस्त्याच्या लाकडाला वर्षातून एकदा जवसाचं तेल, तळहातानं चोळून.

खंडेनवमीला आपण सगळेच बंदुकीला हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. लावा. पण पाण्यात कालवलेलं कुंकू आणि ओली फुलं लोखंडावर सीमोल्लंघनापर्यंत राहिली की माळेच्या आकाराचाच गंज उमटतो. माझ्याकडं १९९० च्या दशकातला एक तसा डाग अजून आहे, पाकळ्यासुद्धा ओळखू येतात. आम्ही आता कुंकू दस्त्याला लावतो आणि माळ कपाटाला.

ठाण्यात जमा करताना

निवडणूक जाहीर झाली की निरोप येतो. नेऊन देण्याआधी नळी धुऊन आत जाड तेल किंवा ग्रीसचा पातळ हात द्या, बाहेरूनही. तोंडात कापडाचा बोळा कोंबू नका, तो ओल धरतो आणि परत आल्यावर विसरला जातो. तोंडावर कागद ठेवून दोऱ्यानं सैल बांधा, वारा जाईल इतका. नंबर, मॅगझिन, पट्टा, सगळं पावतीवर आलं पाहिजे. मोबाइलवर नळीच्या आतला एक फोटो, तारखेसह.

परत घेताना तिथंच, टेबलावरच, बोल्ट काढून नळीत बघा. आणि घरी आणल्यावर आतलं जाड तेल पूर्ण पुसल्याशिवाय बार काढू नका.

२०२४ च्या डिसेंबरात कुटुंबातल्या दुसऱ्या एका कामासाठी रायफल पुन्हा जमा करावी लागली. या खेपेला मी पावतीवर नळीची अवस्था लिहून मागितली. समोरचा हवालदार म्हणाला, तसा रकाना नाही. मी म्हटलं, रकान्याबाहेर लिहा. त्यानं नळी उजेडाला धरली, बघितलं, आणि कोपऱ्यात कानडीत एकच शब्द लिहिला. मी वाचायला लावला.

"स्वच्छ," तो म्हणाला.